सोलापूरहून गुलबर्गा, बीदर, विजापूर: दख्खनी सुलतानांच्या इमारती कोणत्या क्रमाने आणि कशा बघाव्यात?

दूरचा_डोंगर (धागाकर्ता)

डिसेंबरात सलग पाच दिवस हाताशी आहेत. चौघे जण, स्वतःची गाडी, सुरुवात आणि शेवट सोलापूर. बहमनी, बरीदशाही आणि आदिलशाही इमारती नीट बघायच्या आहेत. गोलघुमटात टाळी वाजवून संध्याकाळी परत, असं नको आहे. तीन प्रश्न:

१) गावांचा क्रम काय ठेवावा?
२) कोणती इमारत दिवसाच्या कोणत्या वेळी बघावी?
३) बघताना नेमकं काय शोधायचं, म्हणजे "सुंदर आहे" याच्या पुढे जाता येईल?

खाण्या-राहण्याचं बघून घेऊ. इमारतींबद्दलच लिहा.

---

कमानदार

क्रमापासूनच सुरुवात करतो, कारण निम्मं यश तिथेच आहे. गुलबर्गा, मग बीदर, मग विजापूर. राजवटींचा क्रम हाच आहे. बहमनी राज्य १३४७ मध्ये गुलबर्ग्याला सुरू झालं, अहमदशहा वलीच्या काळात राजधानी बीदरला गेली, आणि राज्य फुटल्यावर निघालेल्या पाच शाह्यांपैकी आदिलशाहीने विजापूर उभारलं. तिन्ही गावांतल्या गवंड्यांपुढे प्रश्न एकच होता: चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, आणि तो बाहेरच्या बाजूला जो रेटा देतो तो पेलायचा कसा? गुलबर्ग्याला भिंती जाड आणि आत कलत्या ठेवून हा प्रश्न सोडवलेला दिसतो. बीदरला कमानी उंच होतात आणि भिंती सरळ उभ्या राहतात. गोलघुमटात तर तो असा सुटतो की बाहेरून आधाराची भिंत लागतच नाही. उलट क्रमाने गेलात तर उत्तर आधी वाचाल आणि गणित नंतर.

नकाशावर हा क्रम गैरसोयीचा वाटेल, पण तसा तो नाही. सोलापूर ते कलबुर्गी (म्हणजे गुलबर्गाच, आजचं नाव) ११० किमीच्या आसपास, तिथून हुमनाबादवरून बीदर साधारण ११५. बीदरहून परत हुमनाबादला येऊन सोलापूर-हैदराबाद महामार्ग धरायचा. त्याच रस्त्यावर सोलापूरच्या अलीकडे ४५ किमीवर नळदुर्ग आहे. सोलापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी विजापूर, १०० किमी. परतीचे १०० धरले तर एकूण सव्वासहाशे किमीचा फेरा होतो. एकही दिवस नुसता गाडी चालवण्यात जात नाही.

दिवस असे वाटा: गुलबर्गा एक, बीदर दीड, नळदुर्ग अर्धा, विजापूर दोन. विजापूरला एक दिवस पुरतच नाही, हे आधीच मनाशी ठरवून निघा.

---

रुळावरून

क्रम पटला, पण रेल्वेने येणाऱ्यांना हे जमणार नाही. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला विजापूर आधी, मग कलबुर्गी, मग बीदर आणि बीदरहून उदगीर-लातूरमार्गे परत, हेच सोपं पडतं. विजापूर-कलबुर्गी रस्त्याने १६० किमी आहे. तिकीट शोधताना "विजयपुरा" आणि "कलबुर्गी" ही नावं टाका, जुन्या नावांनी शोधून पुष्कळजण अडकतात.

---

कमानदार

बरोबर आहे. तसं जाणाऱ्यांनी एक करावं: विजापुरात गोलघुमट शेवटच्या सकाळसाठी ठेवावा आणि जामा मशीद त्याच्या आधी बघावी. का, ते गोलघुमटाच्या प्रतिसादात लिहितो. एवढ्याने निम्मी भरपाई होते.

---

चुनखडी

गुलबर्ग्याबद्दल लिहिते.

किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. तिला उघडं अंगण नाही, सगळी जागा छपराखाली आहे, आणि हे भारतातल्या मशिदींत फारच दुर्मिळ. पाच मोठे घुमट, एक मेहराबपुढे (म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापुढे) आणि चार कोपऱ्यांवर. मधलं सगळं छप्पर लहान घुमट्यांचं. प्रत्येक वाटाड्या सांगतो की ही स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीची नक्कल आहे. हे खरं मानू नका. कोर्दोबाच्या मशिदीला संत्र्याच्या झाडांचं मोठं अंगण आहे, म्हणजे जे वैशिष्ट्य धरून तुलना करतात तेच तिथे नाही. शिवाय तिथे बारीक खांबांवर एकीवर एक अशा दुहेरी कमानी आहेत, तर इथे जाड चौकोनी खांब आणि त्यावर साध्या टोकदार कमानी.

इथे बघण्याची खरी गोष्ट म्हणजे बाजूच्या ओवऱ्यांच्या कमानी. त्या रुंद आहेत, पण जिथून सुरू होतात ती जागा जमिनीच्या फारच जवळ आहे. उभा खांब जवळजवळ नाहीच, कमानच जमिनीतून उगवल्यासारखी वाटते. ओवरीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे बघा, एकामागे एक कमानी लहान होत जातात. नंतर आतल्या खांबांच्या रांगांत या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा. सगळा उजेड बाजूंनीच येतो, त्यामुळे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर तिरपं ऊन आत पोचतं. भर दुपारी आत सपाट करडा उजेड असतो आणि फोटोही तसेच येतात.

मग शहराच्या पूर्वेला हफ्त गुंबज. सुरुवातीच्या बहमनी कबरींच्या भिंती वर जाताना आत कलतात, दिल्लीच्या तुघलकी पद्धतीचा तो ठसा आहे. फिरोजशहाची कबर (१४२२) मात्र दुहेरी आहे, दोन चौकोनी दालनं जोडलेली, आणि तिच्या भिंतींवर चुन्यातलं नक्षीकाम आहे. तिथून ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा दर्गा जवळच. तेही १४२२ मध्येच वारले. दर्ग्यात डोकं झाकायचं, चपला बाहेर, आणि कबरींकडे पाठ करून फोटो काढायला उभं राहायचं नाही. गुरुवारी-शुक्रवारी गर्दी असते.

---

दूरचा_डोंगर

मस्त. कोर्दोबाची गोष्ट मीही खरीच समजत होतो. आता बीदर?

---

चुनखडी

बीदरचं पहिलं ठिकाण महमूद गवानचा मदरसा (१४७२), आणि तिथे सकाळीच जायचं, कारण दर्शनी बाजू पूर्वेला आहे. गवान इराणातल्या गिलानचा. त्याने खोरासान-समरकंदच्या मदरशांचा नमुना इथे आणला: मध्ये अंगण, भोवती तीन मजली खोल्या, मशीद, ग्रंथालय. सगळी दर्शनी भिंत रंगीत चकाकत्या फरशांची होती. औरंगजेबाच्या काळात इथे तोफेची दारू साठवली होती. तिचा स्फोट झाला आणि दर्शनी बाजूचा मोठा भाग, दोनपैकी एक मिनार, सगळं गेलं. उत्तरेकडचा मिनार उभा आहे.

त्या मिनाराजवळ जाऊन दहा मिनिटं द्या. फरशा नागमोडी पट्ट्यांत लावल्या आहेत. वर निळं, पांढरं, हिरवं, पिवळं अजून टिकून आहे आणि खाली उघडा चुना दिसतो. उघड्या चुन्यात फरशांच्या कडांचे ठसे उमटलेले आहेत. जिथे फरशी गेली तिथेही नक्षी वाचता येते, ती या ठशांमुळे. फरशी सहसा फुटून पडत नाही, सुटून पडते. सांध्यातून पाणी मागच्या चुन्यात शिरतं, चुना ढिला होतो, आणि अख्खी फरशी खाली येते. म्हणून पावसाचा मारा जास्त असलेल्या बाजू आधी उघड्या पडतात.

किल्ल्यात सोळाखांबी मशीद आणि रंगीन महाल. रंगीन महाल बहुतेक वेळा कुलूपबंद असतो. दारावरून परत फिरू नका, किल्ल्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत विचारा, माणूस बरोबर येऊन उघडून देतो. त्यासाठी कचेरीच्या वेळेत जायला हवं, रविवारी संध्याकाळी पाचला नाही. आत काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवले आहेत. दिवा समोरून मारलात तर नुसते पांढरे ठिपके दिसतील. मोबाइलचा दिवा भिंतीला लागून बाजूने धरा आणि हळू पुढे सरकवा. शिंपला गुलाबी, हिरवा, निळा होत जातो आणि दगडात कोरलेल्या वेलीची कड उठून दिसते. बाहेरच्या दालनातले कोरीव लाकडी खांबही आवर्जून बघा, दख्खनमध्ये त्या काळचं लाकूडकाम फार थोडं उरलं आहे.

---

कमानदार

चुनखडी, अष्टूर राहिलं.

---

चुनखडी

अष्टूरसाठी वेगळा प्रतिसाद हवाच होता.

बीदरपासून पूर्वेला तीन किमीवर बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने आहेत. पहिली अहमदशहा वलीची (मृत्यू १४३६). बाहेरून साधी वाटते. आत घुमटाच्या टोकापर्यंत रंगकाम आहे: लाल, काळ्या, निळ्या जमिनीवर सोनेरी अक्षरं, इराणी सूफी शाह निमतुल्ला यांचे शेर, वेलबुट्टी. पण आत अंधार असतो. इथले राखणदार दाराबाहेर आरसा धरून सूर्यप्रकाश आत फेकतात आणि तो कवडसा घुमटावरून फिरवतात. ही पद्धत उत्तम आहे. फ्लॅशने फोटोही चांगला येत नाही आणि जुन्या रंगांना पुन्हापुन्हा प्रखर उजेड द्यायचाही नसतो. साधा हातभर आरसा स्वतः नेलात तरी चालेल, मात्र आधी राखणदाराला विचारा. ऊन दाराच्या बाजूला असतानाच हे जमतं, ढगाळ दिवशी काही दिसत नाही. आत शिरताच वर बघू नका. आधी भिंतीच्या मधल्या पट्ट्यावर नजर स्थिर करा, मग कोपऱ्यातल्या कमानी, मग घुमट.

शेजारी अलाउद्दीन अहमदच्या कबरीच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशा शिल्लक आहेत. आणि हुमायूनशहाची कबर वीज पडून अर्धी कोसळली आहे. अभ्यास म्हणून हीच सगळ्यात मोलाची, कारण घुमटाचा उभा छेद आयता समोर उभा आहे. तळाशी घुमट किती जाड, वर किती पातळ, विटांचे थर कसे रचले, सगळं डोळ्यांनी दिसतं. विजापूरला जाण्याआधी हा छेद वहीत काढून ठेवा.

अहमदशहाचा उरूस हिजरी तारखेला भरत नाही, हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतर भरतो, आणि त्यात लिंगायत जंगमाचा मान असतो. मार्चच्या सुमारास जमणार असेल तर तारीख बघून जा.

परतताना शहराच्या पश्चिमेला बीदरच्या बरीदशाहीतल्या अली बरीदची कबर. चारही बाजूंनी कमानी उघड्या, म्हणून आतल्या फरशांचे पट्टे दिवसभर स्वच्छ दिसतात. अष्टूरच्या अंधारानंतर हे बघणं डोळ्यांना फार सुखाचं आहे.

---

जस्त_तांबं

बीदरला जाऊन बिदरी, म्हणजे काळ्या धातूत चांदी जडवलेल्या भांड्यांच्या कारखान्यात न बसता येऊ नका. इमारतींवरची वेलबुट्टी आणि भांड्यावरची वेलबुट्टी एकाच घरातली आहे.

धातू म्हणजे जस्त आणि तांबं, साधारण १६ भाग जस्ताला १ भाग तांबं. मातीत एरंडेल आणि राळ घालून साचा करतात, ओतकाम होतं, मग कानसतात. ओतलेलं भांडं पांढुरकं असतं, त्यावर नक्षीची रेघ दिसत नाही. म्हणून मोरचूदाचं पाणी लावून तात्पुरतं काळं करतात आणि टोकदार सळईने हातानेच नक्षी काढतात. भांडं राळ-मेणाच्या गोळ्यावर बसवून छिन्नीने चर खोदतात आणि चरात चांदीची तार किंवा पत्रा ठोकतात. चर खाली किंचित रुंद ठेवला तर चांदी आत अडकते. सरळ चरातली चांदी काही वर्षांनी उचलते, आणि हलक्या मालात हाच दोष असतो. मग घासून सगळं पुन्हा पांढरं करतात. या टप्प्यावर चांदी आणि धातू यांतला फरक जवळजवळ कळत नाही.

शेवटची पायरी बिदरीची खास. किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम करतात आणि भांडं त्यात फिरवतात. जस्ताचं अंग कायमचं काळंभोर होतं, चांदीला काहीच होत नाही. माती योग्य आहे का, हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. नंतर तेलाचा हात.

घेताना वजन बघा. खरं भांडं आकाराच्या मानाने जड लागतं. चांदीच्या कडेवरून नख फिरवा, कड लागली तर ठोकणं कच्चं आहे. काळा रंग सुटून हाताला लागत असेल तर तो रंगच आहे. घरी आणल्यावर चिंच, लिंबू किंवा पितळेची पावडर लावू नका. काळेपणा हा पृष्ठभागावरचा पातळ थर आहे. आंबट लागलं की तो जातो आणि खालचं जस्त खाल्लं जातं. मऊ फडकं आणि थेंबभर खोबरेल, बस. थर गेलाच तर कारागिराकडून पुन्हा काळं करून मिळतं.

---

अबजद

शिलालेखांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. अरबी-फारसी येत नसली तरी दोन गोष्टी करता येतात.

एक, लिपीची वळणं ओळखणं. अक्षरं कोनाकोनाची, रेघा सरळ, तर कूफी. उभ्या रेघा उंच आणि अक्षरं एकमेकांवर चढवलेली, तर सुलुस. इमारतींच्या पट्ट्यांवर बहुतेक हीच असते, मदरशाच्या दर्शनी भिंतीवरचा पट्टा बघा. शब्द उजवीकडून डावीकडे घसरत खाली येत असतील तर नस्तालीक, ती बहुधा फारसी कवितेसाठी. मजकूर गुंफून वर्तुळ, दिवा किंवा पक्षी झाला असेल तर तुघरा.

दोन, तारखा. हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. मदरशाचं ८७६ घेतलं तर १४७१-७२ येतं. पण पुष्कळदा साल आकड्यात नसतं, वाक्यात लपवलेलं असतं. अरबी मुळाक्षरांना किमती आहेत: अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, असं १००० पर्यंत. "मुहम्मद" म्हणजे मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४, मिळून ९२. गोलघुमटाच्या दक्षिण दारावर तीन छोटी फारसी वाक्यं आहेत. तिन्हींचा अर्थ वेगळा, पण प्रत्येकाच्या अक्षरांची बेरीज १०६७ येते. ते मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूचं साल, म्हणजे १६५६. बहुतेक माणसं याच दारातून मान खाली घालून आत जातात. तिथे थांबा आणि वर बघा.

---

दूरचा_डोंगर

हे माहीतच नव्हतं. धागा वाचनखुणेत टाकला. कमानदार, आता गोलघुमट येऊ द्या.

---

कमानदार

आधी जामा मशीद, मग गोलघुमट.

जामा मशिदीचं काम अली आदिलशहा पहिला याने तालिकोटच्या लढाईनंतर सुरू केलं. नमाजाच्या दालनाच्या मधोमध उभे राहा आणि मोठ्या घुमटाखाली वर बघा. कमानी एकमेकींना छेदून जाताना दिसतील. आठ कमानींची चांदणी, तिच्या आत गोल कडं, कड्यावर घुमट. आकार आवाक्यातला आहे, सगळं एका नजरेत मावतं. ही युक्ती इथे नीट समजून घ्या. जमिनीवर सुमारे २,२५० नमाजींच्या चौकटी आखल्या आहेत. मेहराब १६३६ मध्ये रंगवली: सोनेरी मुलामा आणि त्यात कोनाडे, पुस्तकं, फुलदाण्या अशा रंगवल्या आहेत की खोली असल्याचा भास व्हावा. मशीद नित्य वापरात आहे, त्यामुळे शुक्रवारी दुपार टाळा आणि इतर दिवशी नमाजाच्या वेळेआधी बाहेर या.

आता गोलघुमट. कागदावर करून बघा. एक चौकोन काढा, तो झाला दालनाचा. त्याच्या आत दोन सारखे चौकोन एकावर एक, एकमेकांशी ४५ अंशांनी फिरवलेले. आठ टोकं मिळतात. या दोन चौकोनांच्या आठ बाजूंवर आठ कमानी उभ्या करा. त्या एकमेकींना छेदतात, आणि मधली जागा पुढे झुकत वर जाऊन गोल होते. दालनाची बाजू ४१ मीटर, घुमटाचा आतला व्यास ३८ मीटरच्या आसपास, मध्ये एकही खांब नाही. घुमट तळाशी सुमारे ३ मीटर जाड, विटा आडव्या थरांत आणि थरांमध्ये चुना सढळ हाताने.

रेट्याचं काय होतं ते सज्जात कळतं. घुमट तळाशी बाहेर ढकलतो. कमानींवरचं कडं आतल्या बाजूला पुढे आलेलं आहे, आणि त्याचं सगळं वजन आत ओढतं. बाहेरचा रेटा आणि आतली ओढ एकमेकांना तोलतात. आपण ज्या सुमारे साडेतीन मीटर रुंद सज्जात उभे राहतो, तो म्हणजे या वजनाचा माथा. कुजबुज ऐकायला लोक वर चढतात आणि ज्यावर उभे आहेत तेच बघायचं राहतं. अष्टूरला काढलेला हुमायूनच्या घुमटाचा छेद इथे वहीतून काढा आणि याच्याशी ताडून बघा.

चढायला कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत, जिने त्यांच्यात. पायऱ्या उंच आणि अरुंद, उतरणाऱ्यांची वाट बघावी लागते. प्रत्येक मजल्यावर कमानीतून बाहेर बघत दम घ्या. वर गच्ची, आणि गच्चीवरून घुमटाच्या जाडीतून आत जाणारी आठ दारं.

आवाजासाठी दार उघडताच पोचणं हाच एक उपाय. नऊनंतर सहली येतात आणि आत नुसता कल्लोळ होतो. दोघांनी समोरासमोर टोकांना जायचं. एकाने तोंड भिंतीकडे करून, ओठ भिंतीजवळ नेऊन हळू बोलायचं. दुसऱ्याने कान भिंतीजवळ. मध्ये पोकळीकडे तोंड करून ओरडलं तर प्रतिध्वनी येतो, कुजबुज पोचत नाही. कुजबुज भिंतीच्या गोलाईला धरून सरकते म्हणून पोचते. सज्जात घड्याळाची टिकटिक ऐकू येते म्हणतात ते खोटं नाही, फक्त आत शांतता हवी.

खाली उतरल्यावर चौथऱ्यावर लाकडी छत्राखाली दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खऱ्या तळघरात आहेत. समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं.

---

जाळीकाम

इब्राहिम रोजाबद्दल मी लिहितो, कारण विजापुरात एकच इमारत बघायला मिळणार असेल तर मी गोलघुमट सोडून हीच निवडीन.

इब्राहिम आदिलशहा दुसरा (कारकीर्द १५८० ते १६२७) आणि त्याची राणी ताज सुलताना यांची कबर. रचनाकार मलिक संदल, हबशी. एकाच उंच जोत्यावर पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद, मध्ये हौद. मशिदीचं तोंड पूर्वेला, म्हणून तिच्यावर सकाळचं ऊन. कबरीची मशिदीकडची बाजू दुपारी चारनंतर उजळते. त्यामुळे दोनदा जावं, किंवा दुपारी तीनला जाऊन अंधार पडेपर्यंत तिथेच बसावं.

तीन गोष्टी जवळून बघा. पहिली, अक्षरांच्या जाळ्या. दगडाच्या फळीत अरबी मजकूर असा कोरला आहे की अक्षरं दगडाची आणि त्यांच्यामधली जागा आरपार. आतून बघितलं तर मागून उजेड आणि पुढे काळी अक्षरं. दगडात असं कोरताना अक्षरांचे ठिपकेसुद्धा कुठेतरी जोडलेले ठेवावे लागतात, नाहीतर ते गळून पडतील. ते जोड कुठे लपवलेत ते शोधा. दुसरी, आतल्या दालनाचं छत. कडांना वळलेलं आणि मध्ये सपाट. दगडी फळ्या कडेला कड लावून बसवल्या आहेत, खाली तुळई नाही. चुन्याच्या पकडीवर ते गेली चारशे वर्षं टिकून आहे. तिसरी, मशिदीच्या छज्ज्याखाली लोंबणाऱ्या दगडी साखळ्या. कड्या वेगळ्या करून जोडलेल्या नाहीत, एकाच दगडातून कोरून सुट्या केल्या आहेत.

बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम उथळ आहे. सपाट उन्हात ते दिसतच नाही, तिरप्या उन्हातच उमटतं.

मेहतर महाल नाव ऐकून राजवाडा शोधत बसू नका, ते एका मशिदीचं प्रवेशद्वार आहे. पुढे आलेल्या सज्जाखालचे दगडी हात इतके नाजूक कोरले आहेत की लाकूड वाटावं. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने बघा.

---

दूरचा_डोंगर

आमच्यात दोघी बायका आहेत. कुठे अडचण येते का?

---

चुनखडी

विजापूरच्या आसार महालात स्त्रियांना आत जाता येत नाही, तिथे पैगंबरांचे केस जतन केलेले आहेत. हौदापलीकडून पुढची बाजू आणि उंच लाकडी खांब दिसतात. मशिदी-दर्ग्यांत ओढणी बरोबर असावी. जाड मोजेही घ्या. चपला काढाव्या लागतात तिथला दगड डिसेंबरातसुद्धा दुपारी चटका देतो. आणि कॅमेऱ्याच्या तिपाईला पूर्वपरवानगी लागते, ती गाडीतच ठेवा.

---

बुरुजबंद

मुलूख मैदान कोणी लिहिली नाही. शेरजा बुरुजावरची ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या तुर्क कारागिराने. नंतर ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंतांनी विजापूरला आणली. लांबी साडेचार मीटरला थोडी कमी, वजन ५५ टन. तोंड सिंहाचं, जबड्यात हत्ती. पाठीवरचा लेख बघा: मूळ निजामशाही मजकूर, आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने घातलेला वेगळा लेख. अबजद यांनी सांगितलेली वळणं इथे शेजारी शेजारी ताडून बघता येतात. तिथून जवळच उपळी बुरुज (१५८४), पायऱ्या बाहेरून गोल फिरत वर जातात. वरून शहरातले गंज, म्हणजे नळातल्या पाण्याचा दाब सांभाळणारे मनोरे, मोजता येतात.

---

रुळावरून

नळदुर्गबद्दल एक सावधगिरी. पाणी महाल इब्राहिम दुसऱ्याच्याच काळातला, १६१३ चा. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात खोल्या आहेत. पाणी डोक्यावरून जातं आणि आत कोरडं राहतं. पण नर आणि मादी हे धबधबे चांगला पाऊस झाला तरच, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. डिसेंबरात ते बहुधा कोरडे असतील. तरी जा, कारण कोरडं असताना बांधाचं दगडकाम आणि सांडव्याच्या पातळ्या नीट बघता येतात.

---

दूरचा_डोंगर

शेवटचा प्रश्न. जुना चुना आणि नंतरची डागडुजी कशी ओळखायची?

---

चुनखडी

जुना गिलावा पिवळसर पांढरा असतो आणि बारीक तडे जाळ्यासारखे सगळीकडे पसरलेले असतात. सिमेंट करडं, गुळगुळीत, आणि तडा गेला तर एकच लांब. सिमेंटच्या ठिगळाच्या कडेचा दगड बघा. तिथे पापुद्रे सुटत असतात, पांढरी भुकटी बसलेली असते. भिंतीतला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो, सिमेंटमधून पडत नाही. तो कडेच्या दगडातून वाट काढतो आणि बरोबरचा क्षार तिथेच साठून दगड फोडतो. चांगल्या डागडुजीत आजही चुना महिनोन्महिने भिजवतात आणि त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालतात. अशा भिंतीवर बोटाने टिचकी मारू नका. तळवा टेकवा, दुपारी सिमेंटचा भाग जास्त तापलेला लागतो.